१२ मिमीचा पितळी सिलिंडर: रीमर फिरवला तरी भोक तोंडाशी मोठं

खटपट्या (नागपूर)

मोतीबागचं नॅरोगेज संग्रहालय बघून आल्यापासून लेकीने धरलंय, घरी वाफेचं इंजिन करायचं. म्हणून डुलत्या सिलिंडरचं छोटं इंजिन हाती घेतलं. सिलिंडर पितळेचा, बाहेरून २० मिमी, आतून १२, लांबी ३०. लेथ ७ बाय १४ चा चिनी, थ्री-जॉ चक, टेलस्टॉकला (चकासमोर सरकणारा, ड्रिल धरणारा भाग) मोर्स टेपर २, म्हणजे ठरावीक मापाची निमुळती खोबण. रॉड इतवारीतून तोलून आणलेला, २२ मिमीचा.

क्रम असा होता: सेंटर ड्रिल, मग ६ मिमी, मग थेट ११.८, आणि शेवटी १२ एच७ चा मशीन रीमर (ड्रिलचं भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) ड्रिल चकात धरून. ११.८ चा ड्रिल आरपार निघता निघता एकदम आत ओढला गेला आणि ड्रिल चकच टेपरमधून सुटून जॉबबरोबर, म्हणजे फिरत्या रॉडबरोबर, गरगरायला लागला. रीमर मात्र आरामात गेला.

आता व्हर्नियर तोंडाशी १२.०६ दाखवतो, मागच्या टोकाला १२.०२. आत एक मळसूत्री ओरखडा आहे. शिवाय भोक मागच्या बाजूला मध्यावर निघालेलं नाही, भिंत एकीकडे जाड, एकीकडे पातळ, साध्या डोळ्यांनी दिसते.

रीमर खराब समजायचा का? नवा घेतला तर हॅन्ड रीमर घेऊ की मशीन? शेड गच्चीवर, वर टिना, दुपारी आत ४५ च्या पुढे पारा. त्या उष्णतेचा काही संबंध?

डायलगेज (पुणे)

रीमरला सध्या सोडून द्या. रीमर हा आज्ञाधारक प्राणी आहे. आधीचं भोक जिकडे जाईल तिकडे तो मागोमाग जातो. माप देतो, दिशा देत नाही. तुमचं ११.८ चं भोकच वाकडं गेलं होतं, त्याने ते वाकडंच पण १२ चं करून दिलं.

तोंडाशी मोठं आणि आत कमी, हे टेलस्टॉक मध्यावर नसल्याचं लक्षण. रीमर आत शिरताना स्पिंडलच्या अक्षापासून बाजूला असतो, त्यामुळे सुरुवातीला मोठं वर्तुळ कापतो. थोडा आत गेला की भोकच त्याला धरून ठेवतं आणि माप ताळ्यावर येतं. तोंडाशी ६० मायक्रॉन (०.०६ मिमी) जास्त म्हणजे टेलस्टॉक साधारण ३० मायक्रॉन सरकलेला असणार, कारण व्यासावर चूक दुप्पट दिसते.

चकात डायल गेज (बारीक फरक सुईने दाखवणारं घड्याळ) धरा, टोक टेलस्टॉकच्या क्विलवर (पुढे-मागे सरकणाऱ्या नळीवर) टेकवा आणि चक हाताने फिरवा. पुढच्या आणि मागच्या बाजूच्या रीडिंगमधला फरक भागिले दोन, ती तुमची चूक. वर-खालच्या रीडिंगवर मात्र लगेच विश्वास ठेवू नका. लांब दांड्यावर जड डायल लावला की तो स्वतःच्या वजनाने लवतो आणि नसलेली चूक दाखवतो. हलका लिव्हर टाइप डायल घ्या, दांडा आखूड ठेवा.

जुना_टर्नर (नागपूर)

डायलगेज भाऊ बरोबर बोलून राहिले, पण ड्रिल काऊन ओढल्या गेला थे कोणी सांगतच नाई.

बाप्पा, पितळात बाजारचा ड्रिल जसाच्या तसा घालतच नसतेत. लोखंडासाठी ड्रिलच्या धारेले जो पुढचा कोन असते नं, तो पितळात स्क्रूवाणी शिरते. धातू मऊ, तुकडा झटकन तुटते, धारेले अडवाले काहीच उरत नाई. अन् तुम्ही आधी ६ चं भोक पाडून ठेवलं! मंग तं मधल्या टोकाचा रेटाबी गेला. आरपार निघताना कडेले पातळ पापुद्रा राह्यते, त्यातच ड्रिल अडकते अन् जॉब त्याले आत ओढून नेते. तुमचा चक सुटला थे बरं झालं, नाई तं ड्रिल मोडला असता नाई तं जॉब जबड्यातून निघाला असता.

उपाय दोन मिनिटाचा. बारीक ऑइल स्टोन घ्या, दोन्ही धारांच्या तोंडावर ड्रिलच्या अक्षाले समांतर चपटी पट्टी पाडा, अर्धा मिमी रुंद पुरे. कोन शून्य झाला म्हंजे ओढणं बंद. माह्याकडं पितळाच्या ड्रिलचा डबाच अलग हाय, शेपटाले पिवळा रंग लावून ठेवला. थे ड्रिल लोखंडाले लावाचे नाई अन् लोखंडाचे इकडं आणाचे नाई.

हिंगण्याले एमआयडीसीत असताना व्हॉल्व्हचे पार्ट निघत पितळाचे, पाळीले ढिगानं. नवीन पोरगा आला का पैले ड्रिलची धार मारून दाखव म्हणत. मंग मशीनले हात.

खटपट्या (नागपूर)

काका, हे कुठल्याच व्हिडिओत सांगितलं नव्हतं. म्हणजे ओरखडासुद्धा ड्रिलचाच का?

जुना_टर्नर (नागपूर)

टॉर्च मारून पाहा. ओरखड्याचा आटा मागच्या टोकाकडं लांब लांब होत गेला असन तं ड्रिलचा. ओढल्या जाताना त्यानं खोल चर पाडला अन् रीमरले थो साफ कराले माल उरला नाई. रीमरचा ओरखडा असता तं सारखा बारीक असता.

खटपट्या (नागपूर)

पाहिलं. मागच्या टोकाकडे आटे लांब होत गेलेत.

उद्यमनगरकर (कोल्हापूर)

मला एक सांगा, रीमर पाहिजेच कशाला? एकच इंजिन करणार ना? भोक बोअर करा, म्हणजे बारच्या टोकावरच्या टूलने आतून कापत मोठं करा. १२.०० येऊ द्या नाहीतर १२.१३ येऊ द्या. सरळ, गोल आणि गुळगुळीत आलं की झालं. मग पिस्टन त्या भोकाला बसेल असा टर्न करा. बाहेरचा व्यास मायक्रोमीटरने मोजता येतो, हळूहळू उतरवता येतो. आतला व्यास हव्या त्या आकड्यावर आणायला जीव जातो, आणि ते सुद्धा कशासाठी? तुमच्या पिस्टनचा सुटा भाग कोण विकत मागायला येणार आहे का?

एच७ म्हणजे १२ ला अधिक ० ते १८ मायक्रॉन. हे कारखान्याचं गणित आहे, कुठलाही पिस्टन कुठल्याही सिलिंडरला बसला पाहिजे म्हणून. घरच्या लेथवर त्याच्या मागे लागायचं कारण नाही.

अनघा_टूलरूम (ठाणे)

उद्यमनगरकर, तत्त्व मान्य, पण मिनी लेथवर ३० मिमी खोल भोक बोअर करताना बार लवतो आणि मागच्या टोकाला भोक बारीक राहतं, त्याचं काय? लवणं बाहेर काढलेल्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं आणि जाडीच्या चौथ्या घाताने कमी होतं. बार ६ ऐवजी ८ मिमीचा घेतला तर तिपटीहून जास्त ताठ. पोलादी बार जाडीच्या चौपट लांबीपर्यंत ठीक वागतो, पुढे कुरकुरायला लागतो. ११ च्या भोकात ८ चा बार, ३३-३४ मिमी बाहेर, म्हणजे आपण काठावर आहोत.

म्हणून माझं मत दोन्ही वापरा. बोअरिंगने भोक अक्षावर आणा, ११.८५ ला थांबा, उरलेले १५ शतांश (०.१५ मिमी) रीमरला द्या. बोअरिंगची जागा रीमर घेऊ शकत नाही, पण बोअर केलेल्या भोकातली लांबीभरची किंचित उतरण आणि टूलच्या रेषा तो छान काढतो.

आता उष्णता. नागपूरच्या नवतप्याला (कडक उन्हाच्या नऊ दिवसांना) उगाच बदनाम करू नका. पितळ अंशाला मीटरमागे सुमारे १९ मायक्रॉन वाढतं, पोलाद साडेअकरा. २० अंश हे मोजमापाचं प्रमाण तापमान, तुमची शेड ४५ धरू. २५ अंशांच्या फरकाने १२ चं पितळी भोक ६ मायक्रॉनच्या आत वाढेल, पोलादी गेज साडेतीन. दोघांत फरक दोन-सव्वादोन मायक्रॉन. व्हर्नियरला तो दिसणारही नाही. खरी गडबड वेगळीच: ड्रिलिंग करून जॉब हाताला चटका बसेल इतका तापलेला असतो आणि आपण लगेच मोजतो. चकातला जॉब ७५ वर आणि गेज ४५ वर असेल तर फरक नऊ मायक्रॉनच्या घरात जातो. शेवटच्या कापाआधी जॉब शेडच्या तापमानाला येऊ द्या, चहा पिऊन या.

आणि व्हर्नियर ठेवून द्या. आतल्या जबड्यांच्या धारेला थोडी सपाट जाडी असते, लहान भोकात ती जीवेसारखी टेकते आणि माप कमी दिसतं. म्हणजे तुमचं १२.०६ प्रत्यक्षात त्याहून मोठं असण्याची शक्यता आहे. टेलिस्कोपिक गेज (भोकात पसरून माप धरणारा) आणि बाहेरचा मायक्रोमीटर वापरा. त्याहून स्वस्त म्हणजे पोलादी तुकड्यावर ११.९८, १२.०० आणि १२.०२ अशा तीन पायऱ्या टर्न करून स्वतःचा प्लग गेज करा. कुठली पायरी जाते आणि कुठली अडते, एवढंच पुरे.

उद्यमनगरकर (कोल्हापूर)

ताई, मागचं टोक बारीक राहतं ते शेवटचा काप न वाढवता दोनदा फिरवला की निघतं. अर्थात टूल धारदार पाहिजे.

अनघा_टूलरूम (ठाणे)

निघतं, पण सगळं नाही. आणि "धारदार" म्हणालात तिथेच मेख आहे. हल्ली सगळे बारवर कार्बाइड इन्सर्ट (बदलता येणारी तयार धार) लावतात. साध्या इन्सर्टची धार मुद्दाम किंचित गोल केलेली असते, दोन शतांशाचा काप ती घेतच नाही, नुसती घासते. त्याच्या पुढच्या पासला मग एकदम जास्त उचलते.

खटपट्या (नागपूर)

माझ्याकडे इन्सर्टचाच बार आहे, ॲल्युमिनियमसाठीच्या चकचकीत इन्सर्टचा. तो चालेल का?

अनघा_टूलरूम (ठाणे)

तो धारदार असतो, हलक्या कापाला चालेल. पण त्याचा पुढचा कोन मोठा असतो, पितळात बाजारच्या ड्रिलसारखाच ओढून घेतो. क्रॉस स्लाइडमध्ये बॅकलॅश (स्क्रूची ढिली चाल) असेल तर टूल स्वतःहून आत सरकतं. गिब (स्लाइडचा ढिलेपणा काढणारी पट्टी) घट्ट करा. जमलं तर ४ मिमी एचएसएस (हायस्पीड स्टील) तुकडा घासून शून्य कोनाचं टूल करा आणि पोलादी बारमध्ये आडवं भोक पाडून स्क्रूने आवळा. टूलची खालची टाच गोल घासायला विसरू नका, नाहीतर लहान भोकात धार कापायच्या आधी टाचच टेकते. उंची मध्यापेक्षा केसभर वर ठेवा. काप घेताना बार खाली लवतो आणि बरोबर मध्यावर येतो.

जुना_टर्नर (नागपूर)

अन् चष्मा घाला. पितळाचा चुरा सुईवाणी असते, बोअरिंगले उभं राह्यलं का सरळ तोंडावर येते. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, ब्रशनं झाडा. पितळात शिसं असते, जेवाच्या आधी हात साबणानं धुवाचे.

रेल्वेवेडा (भंडारा)

विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या भंडाऱ्यात पितळी भांड्यांची परंपरा, घरात फुटके गुंड आणि परात पडून आहेत. ते वितळवून रॉड ओतला तर सिलिंडर होईल का? बाजारचा रॉड महाग पडून राहिलाय.

डायलगेज (पुणे)

करू नका. भांड्यांचं पितळ ठोकून आकार द्यायचं असतं, त्यात तांबं ६३ ते ७० टक्के, बाकी जस्त, शिसं मुद्दाम घातलेलं नसतं. ते लेथवर चिकट वागतं, लांब गुंडाळ्या निघतात आणि पृष्ठभाग फाटल्यासारखा येतो. टर्निंगचा रॉड म्हणजे आयएस ३१९ चं फ्री कटिंग पितळ, त्यात तीनेक टक्के शिसं असतं आणि त्यामुळेच चुरा तुकड्या-तुकड्यांत पडतो. शिवाय घरी ओतायला गेलात तर जस्त ९०७ अंशांना उकळतं, पांढरा धूर होतो, तो छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो. आणि एवढं करून आत बुडबुडे राहिले तर वाफ भिंतीतून पाझरणार. गुंड विकून रॉड घ्या. मधोमध भोक असलेला पोकळ पितळी रॉडसुद्धा मिळतो, ड्रिलिंगच वाचतं.

रेल्वेवेडा (भंडारा)

गुंड विकायला आई परवानगी देणार नाही, वितळवायला तर नाहीच. रॉड घेतो.

खटपट्या (नागपूर)

थोडी प्रगती. टेलस्टॉक मोजला, आडव्या दिशेला डायल ७ शतांश फिरला, म्हणजे साडेतीन शतांश बाजूला होता. खालचा बोल्ट सैल करून सरकवला, आता शतांशाच्या आत आहे. ड्रिलच्या धारेवर ऑइल स्टोन मारला आणि काय सांगू, तोच ड्रिल, तोच रॉड, आरपार निघतानाही हाताला झटका नाही.

नव्या सिलिंडरला मात्र ११ चा ड्रिल थेट, मग बोअरिंग. बाराशे फेऱ्यांवर बार किंचाळायला लागला आणि भोकात मोराच्या पिसासारखी नक्षी उमटली. आठशेवर आणलं, फीड जरा वाढवला, आवाज गेला. उलटं वाटत होतं, फीड वाढवल्यावर आवाज वाढायला हवा ना?

उद्यमनगरकर (कोल्हापूर)

नाही. टूलला पोटभर खायला दिलं की ते नाचत नाही. फार बारीक फीडवर ते धातूवर टेकतं-सुटतं, टेकतं-सुटतं, तिथून किंचाळणं सुरू होतं. टूलच्या टोकाची गोलाईसुद्धा कमी ठेवा. मोठी गोलाई म्हणजे जास्त रुंद काप, जास्त रेटा.

खटपट्या (नागपूर)

आता रीमर. किती वेगाने, तेल घालायचं का, आणि बाहेर कसा काढायचा? एक जण म्हणतो मशीन बंद करून काढा, दुसरा म्हणतो चालू ठेवून.

डायलगेज (पुणे)

ड्रिलच्या वेगाच्या तिसऱ्या हिश्शाने, म्हणजे १२ मिमीला चारशेच्या आसपास. फ्री कटिंग पितळाला तेल लागत नाही, कोरडंच. फीड मात्र ठाम आणि न थांबता. मधे थांबलात की त्या जागी कडी उमटते. बाहेर काढताना जॉब त्याच दिशेने फिरता ठेवा आणि सावकाश ओढा. उलटा कधीही फिरवू नका, धारेखाली चुरा अडकतो आणि रीमर कायमचा बोथट होतो. मशीन बंद करून ओढलात तर सरळ रेषेत ओरखडे येतात, इंजिनच्या सिलिंडरमध्ये तेच वाफ सोडतात.

अनघा_टूलरूम (ठाणे)

आणि रीमर ड्रिल चकात घट्ट धरू नका, तो चक त्याला टेलस्टॉकची उरलीसुरली चूक शिकवतो. हॅन्ड रीमरचा प्रश्न विचारला होता ना, त्याचा उपयोग इथे आहे. मागच्या टोकाला सेंटरचं भोक असतं. टेलस्टॉकला डेड सेंटर लावा, ते त्या भोकात टेकवा, चौकोनी टोकावर टॅप हँडल लावा आणि त्याचा एक दांडा कंपाउंडवर (टूल धरणाऱ्या वरच्या स्लाइडवर) टेकू द्या. मोटर बंद. चक हाताने फिरवा आणि टेलस्टॉकचं चाक सरकवत रहा. पुढचं टोक लांब निमुळतं असल्याने रीमर स्वतःच भोकात मध्यावर बसतो. पण बंद तळाच्या भोकात हा उपयोगाचा नाही, त्याच निमुळत्या टोकामुळे तळाशी माप येत नाही.

जुना_टर्नर (नागपूर)

मोटर बंद म्हंजे प्लग काढूनच. दांडा कंपाउंडवर टेकलेला अन् कोणाचा हात बटनावर गेला तं दांडा कोणाच्या हातावर बसन सांगता येत नाई.

बंद तळाले डी-बिट करा. सिल्व्हर स्टीलचा (पाणी देऊन कडक होते थ्या पोलादाचा) १२ चा तुकडा, पुढून अर्धा उडवाचा, मध्यापरीस दोन-तीन शतांश जास्त ठेवाचा. टोकाले पाच-सात अंशाची सूट. चेरीवाणी लाल करून पाण्यात बुडवाचा, मंग घासून चमकवून फिकट गवती रंग येईपर्यंत तापवाचा. सुरुवातीले व्यासाएवढ्या खोलीपर्यंत बोअर करून बरोबर १२ चं घर करून द्याचं, त्यात डी-बिट बसला का मंग हलत नाई. अर्धं अंग भोकाले टेकून चालते नं, म्हणून सरळ जाते. दर दोन-तीन मिमीले बाहेर काढून चुरा झाडा. आमच्या वेळी रीमर स्टोअरमधून सही करून घ्या लागे, स्टोअरकीपर चहाले गेला का डी-बिटच.

खटपट्या (नागपूर)

हॅन्ड रीमर एका मित्राकडून आणला, ११.८५ पर्यंत बोअर करून अनघाताईंच्या पद्धतीने हाताने फिरवला. तीन पायऱ्यांचा प्लग गेज दोन्ही टोकांनी घातला: १२.०० जातो, १२.०२ दोन्हीकडे अडतो. भिंतीची जाडी सगळीकडे सारखी. उद्यमनगरकर, पिस्टन मात्र तुमच्या म्हणण्याप्रमाणे या भोकाला मापूनच करणार.

आत अजून किंचित रेषा दिसतात. एमरी पेपरने मारू का? आणि पिस्टन पितळेचाच चालेल?

अनघा_टूलरूम (ठाणे)

एमरी नको. तिचे कण मऊ पितळात रुततात आणि मग सिलिंडरच आयुष्यभर पिस्टनला घासत बसतो. रेषा राहू द्या, त्यात तेल टिकतं. पितळावर पितळ चालवू नका, एकमेकांना ओरबाडतात. गनमेटल (तांबं-कथलाचा मिश्रधातू) किंवा स्टेनलेस घ्या, दोन-तीन शतांश सूट ठेवा. स्टेनलेस घेतलात तर वाफेने गरम झाल्यावर सूट काही मायक्रॉनने वाढते, अडकायची भीती नाही. पिस्टनवर दोन-तीन उथळ खाचा पाडा, तेल धरायला.

उद्यमनगरकर (कोल्हापूर)

आणि शेडमध्ये कूलर आहे का हो? नागपूरकरांना कूलरशिवाय मे महिना काढता येत नाही म्हणे.

खटपट्या (नागपूर)

आहे की, लेथच्या समोरच.

उद्यमनगरकर (कोल्हापूर)

मग लेथचा बेड बघा जाऊन.

खटपट्या (नागपूर)

चकाखाली तांबूस डाग आलेत! पितळावर लक्ष होतं, इकडे बघितलंच नाही.

जुना_टर्नर (नागपूर)

कूलरची हवा पाठीवर घ्या, लेथवर नाई. संध्याकाळी बेड पुसून मशीन ऑइलचा हात माराचा अन् सुती कापड टाकाचं. प्लास्टिक टाकू नका, खाली ओल धरते. डाग असतीन तं तेल अन् बारीक स्टीलवूल, एमरी नाई.

सिलिंडर झाला, आता खरं काम सांगतो. पिव्होट पिनचं (ज्या खिळीवर सिलिंडर डुलते तिचं) ४ मिमीचं भोक सिलिंडरच्या अक्षाले काटकोनात पायजे अन् पोर्टच्या (वाफेच्या वाटेच्या) तोंडाले बी काटकोनात. थे तिरपं झालं तं सिलिंडर डुलताना तोंड उचलन अन् वाफ फस्सकन् बाहेर. जॉब अँगल प्लेटवर (काटकोनी लोखंडी तुकड्यावर) बांधा, अँगल प्लेट फेसप्लेटवर (चकाच्या जागी लागणाऱ्या चपट्या तबकडीवर), अन् पोर्टचं तोंड अन् पिनचं भोक एकाच बांधणीत काढा. मधात सोडाचं नाई. फेसप्लेटच्या दुसऱ्या बाजूले वजन लावा, नाई तं तुमचा मिनी लेथ टेबलासकट चालाले लागन.

खटपट्या (नागपूर)

अँगल प्लेट केवढी लागेल काका? माझी फेसप्लेट १६० मिमीची आहे.

जुना_टर्नर (नागपूर)

५० ची बस होते. फिरवाच्या आधी चक्कर हातानं मारून पाहा, बेडले लागते का थे. वेग दोनशेच्या वर नेऊ नका.